उन्हाला पुरून उरणारे रंग

पुण्याहून सोलापूरच्या दिशेनं निघालं आणि लोणी काळभोर मागं पडलं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरव्या शेडनेटचे मांडव दिसायला लागतात. सोरतापवाडी, उरुळी कांचन हा सगळा पट्टा रोपवाटिकांचा. दिवाळीनंतर थंडी जरा अंगाला लागली, की इथं सकाळपासून गाड्या लागतात. एकीकडे टेम्पोत शेकड्यानं रोपं चढवणारे कंत्राटदार, दुसरीकडे गाडीच्या डिकीत चार-सहा पिशव्या बसतील तेवढीच खरेदी करणारी शहरातली कुटुंबं. या दुसऱ्या गिऱ्हाइकाचं एक वाक्य ठरलेलं असतं : ‘फार भडक नको हं, काहीतरी सोबर दाखवा.’

अशाच एका रोपवाटिकेत पिशव्या भरणाऱ्या मावशींना या वाक्याबद्दल विचारलं, तर त्या हसल्या. म्हणाल्या, ‘नेतात बेबी पिंक नि पांढरं. मग उन्हाळ्यात येऊन सांगतात, मावशी, बाल्कनीत झाड आहे की नाही तेच कळत नाही. मी म्हणते, आता तरी लाल न्या.’

मावशींच्या या दोन वाक्यांत आपल्या घरगुती बागांचं दुखणं आहे. ‘भडक’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. कपड्यांत भडक, घराच्या भिंतीत भडक, बागेत भडक म्हणजे अभिरुचीत काहीतरी कमी, असा एक समज सुशिक्षित मध्यमवर्गात मुरलेला आहे. गावाकडच्या अंगणात लालबुंद जास्वंद, केशरी अबोली, पिवळी कोरांटी आणि राणी रंगाची गुलबाक्षी शेजारी शेजारी नांदत होती; तिथून शहरात आलेल्या पिढीनं बाल्कनीत मात्र फिकट पिटुनिया आणले. बदलत्या आवडीबद्दल तक्रार नाही. पण आपलं ऊन बदललेलं नाही, आणि बागेतल्या रंगाचा पहिला हिशेब उन्हाशी असतो.

ऊन काय करतं

लंडन उत्तर अक्षांश 51.5 अंशांवर आहे. तिथं भर जूनमध्येसुद्धा दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 62 अंशांच्या वर जात नाही, आणि डिसेंबरात तर तो जेमतेम 15 अंशांवर रेंगाळतो. पुणं 18.5 अंशांवर. इथं डिसेंबरातल्या सर्वांत खालच्या दुपारीही सूर्य 48 अंशांवर असतो. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला तो बरोबर डोक्यावर येतो, आपण ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतो तो. जुलैतला ढगांत हरवतो, पण मे महिन्यातली दुपार ज्यानं गच्चीवर अनुभवली आहे त्याला आकडे सांगायला नकोत.

कलत्या, मऊ उजेडात फिकट गुलाबी, मोतिया, आकाशी हे रंग खुलतात, त्यांच्यातल्या बारीक छटा दिसतात. डोक्यावरच्या उन्हात त्याच छटा धुऊन निघतात आणि फूल नुसतं पांढुरकं दिसतं. तिथं टिकतो तो भरगच्च रंग : शेंदरी, कुंकवासारखा लाल, झेंडूचा केशरी, बोगनवेलीचा राणी.

संध्याकाळी मात्र गणित उलटतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुर्किंये या चेक शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की उन्हात झगमगणारी लाल फुलं पहाटेच्या अंधूक उजेडात पानांपेक्षाही काळवंडलेली दिसतात. उजेड कमी झाला, की आपला डोळा लाल रंगाला आधी मुकतो. निळा-पांढरा जास्त वेळ दिसत राहतो. म्हणून दिवसा घरी असणाऱ्या आजी-आजोबांच्या खिडकीशी लाल-केशरी लावावं. संध्याकाळी सातला घरी पोचणाऱ्यानं जिथं चहाला बसायचं त्या कोपऱ्यात मोगरा, रातराणी, पांढरी सदाफुली लावावी. रंग कुठला आवडतो यापेक्षा आपण बाग कोणत्या वेळी बघतो, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

‘सोबर’ आलं कुठून

फिकट रंगांची बाग म्हणजे इंग्रजी बाग, अशी आपली एक समजूत आहे. ती अर्धवट खरी आहे. इंग्लंडमध्ये बागेतल्या रंगांचं शास्त्र मांडलं ते गर्ट्रूड जेकिल यांनी. त्या मुळात चित्रकार. दृष्टी अधू झाल्यावर बागकामाकडे वळल्या. 1908 साली त्यांचं बागेतल्या रंगांवरचं पुस्तक आलं. मन्स्टेड वूड या त्यांच्या घराजवळ 200 फूट लांब आणि 14 फूट रुंद फुलांचा पट्टा होता. त्याच्या दोन्ही टोकांना निळे-करडे थंड रंग, मग पिवळे, मग केशरी, आणि अगदी मधोमध धगधगते लाल. म्हणजे ज्या बाईंचं नाव घेऊन जगभर सौम्य बागा केल्या गेल्या, त्यांच्या बागेच्या काळजात लाल रंग होता.

पुढे इंग्लंडातही फिकटपणाची फॅशन अंगावर आली, तेव्हा ख्रिस्तोफर लॉइड या माळ्यानं तिला वैतागून उत्तर दिलं. ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टर या त्यांच्या घराच्या आवारात जुनी गुलाबवाटिका होती. तिची आखणी एडविन लट्यन्स यांची, ज्यांनी पुढे नवी दिल्ली रचली तेच. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला लॉइड यांनी त्या वाटिकेतले गुलाब उपटले आणि तिथं केळी, कर्दळी, डेलिया लावले. लोक हळहळले. मग हळूहळू तीच बाग बघायला रांगा लागल्या.

यातली गंमत आपल्यासाठी आहे. इंग्लंडात जी कर्दळ बंडखोरी ठरली, ती आपल्याकडे मोरीच्या पाण्यावर, परसदारी, रेल्वे स्टेशनच्या फलाटावर कधीचीच उभी आहे. आपण तिच्याकडे बघत नाही, एवढंच.

पाहुणे आणि घरचे

आपल्या अंगणातल्या भडक फुलांची जन्मगावं शोधायला गेलं, तर अर्ध्याहून अधिक समुद्रापलीकडे सापडतात. दसऱ्याला ज्याच्याशिवाय दाराला तोरण लागत नाही तो झेंडू मेक्सिकोचा. तिथं आजही 1 आणि 2 नोव्हेंबरला पूर्वजांच्या स्मरणाचा सण होतो आणि घरापर्यंतची वाट झेंडूच्या केशरी पाकळ्यांनी आखतात. म्हणजे आपली दिवाळी आणि त्यांचा सण यांत फार तर काही दिवसांचं अंतर, आणि फूल एकच. डेलियाही मेक्सिकोचा, त्यांचं ते राष्ट्रीय फूल. झिनिया, कॉसमॉस तिथलेच. कर्दळ आणि गुलबाक्षी अमेरिका खंडातल्या. सदाफुली मादागास्करची, तिच्यातल्याच द्रव्यांपासून विन्क्रिस्टीन आणि विन्ब्लास्टीन ही कर्करोगावरची औषधं बनतात. गुलमोहरही मादागास्करचाच.

बोगनवेलीची कथा तर कादंबरीला शोभावी अशी. फ्रेंच दर्यावर्दी बुगॅंव्हील 1766 साली पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. त्याच्या ताफ्यात फिलिबेर कॉमेर्सां हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि मदतीला एक तरुण. तो तरुण म्हणजे पुरुषवेषातली जान बारे ही स्त्री. जहाजावर बायकांना मज्जाव होता म्हणून तिनं वेष पालटला. 1767 मध्ये रिओ द जानेरोच्या किनाऱ्यावर त्यांना ही वेल मिळाली आणि कप्तानाचं नाव तिला लागलं. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली स्त्री म्हणून आज जान बारेचं नाव घेतलं जातं.

घरची माणसं यादीत कमी, पण तालेवार आहेत. अबोली आपलीच, दक्षिण भारताची आणि श्रीलंकेची. गोव्यात देवळाबाहेर तिचे गजरे आजही दिवस उजाडता उजाडता येतात. कोरांटी आपली, एक्झोरा आपला, तेरडा आपला. कोकणात गौर आणायची तर रानातून तेरडा उपटून आणतात, मुळांसकट.

या सगळ्या रंगांच्या मुळाशी रसायनं मात्र वेगवेगळी. झेंडूचा केशरी हा कॅरोटिनॉइड गटातला, गाजराच्या जातकुळीचा. जास्वंदीचा लाल अँथोसायनिनचा. बोगनवेल, गुलबाक्षी, कोंबडा आणि दहाच्या सुमाराला उमलणारा चिनी गुलाब यांच्यात अँथोसायनिन नसतंच. त्यांच्यात बीटाला रंग देणारं बीटालेन असतं. म्हणून या चौघांचा राणी रंग असा झणझणीत असतो.

जास्वंदीची पाकळी पांढऱ्या कागदावर घासून पाहा. लाल फुलाचा डाग जांभळा उमटतो. त्यावर लिंबाचा थेंब टाकला, की तो गुलाबी-लाल होतो. खाण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं, की निळा-हिरवा. शाळेतल्या पोरांना आम्ल आणि अल्क समजावायला लिटमस आणायची गरज नाही, कुंपणावरचं फूल पुरे. गुलबाक्षी तर बारावीच्या जीवशास्त्रात अपूर्ण प्रभाविता शिकवायला येते. कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञानं 1909 मध्ये तिच्याच पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांच्या पानांवरून दाखवलं, की काही गुण फक्त आईकडूनच उतरतात. दुपारी चारनंतर उमलणाऱ्या या साध्या झाडानं आनुवंशशास्त्राला एवढं दिलं आहे.

बटबटीत कधी होतं

मग भडक बाग वाईट दिसतच नाही का? दिसते. सोसायट्यांच्या बाल्कन्यांत बऱ्याचदा दिसते. पण दोष रंगाचा नसतो, मांडणीचा असतो.

पॅरिसच्या गोब्लँ या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचा प्रमुख होता. काळा रंग नीट चढत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्यानं तपासलं तर रंग पक्का होता; शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो काळा फिका भासत होता. एका रंगाचं रूप शेजारी कोण बसलंय यावर ठरतं, हे त्यानं 1839 साली ग्रंथ लिहून सिद्ध केलं. पैठणीच्या विणकराला हे न वाचता ठाऊक होतं : अंग एका रंगाचं, काठ विरुद्ध रंगाचा. हिरव्या अंगाला लाल काठ आला, की दोन्ही उजळतात. अंगातच सात रंग घातले असते तर ती पैठणी कुणी नेसली नसती.

बागेतही नेमकं हेच. एका बाल्कनीत एक लाल, एक पिवळं, एक जांभळं, एक गुलाबी, एक केशरी असं एकेक रोप ठेवलं, की डोळा कुठंच टेकत नाही. नर्सरीत फिरताना प्रत्येक रोप सुंदर दिसतं आणि आपण प्रत्येकातलं एक उचलतो. घरी आणल्यावर त्या पाच सुंदर गोष्टींचा मिळून गोंगाट होतो. त्याऐवजी तीन किंवा पाच कुंड्या एकाच फुलाच्या, एकाच रंगाच्या, एकमेकींना खेटून ठेवल्या, मध्ये भरपूर हिरवं राखलं, आणि कडेला एखादाच विरुद्ध रंग दिला, तर कितीही भडक रंग खपून जातो.

याचा सर्वांत मोठा धडा साताऱ्याजवळ कासच्या सड्यावर आहे. सप्टेंबरात तिथं जांभ्याच्या खडकावरच्या वीतभरही नसलेल्या मातीत सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा उठतो. यापेक्षा भडक रंगसंगती कुठल्या नर्सरीत मिळणार नाही. तरी ती बोचत नाही, कारण तिथं रंग पट्ट्यापट्ट्यानं येतो. ओलाव्याच्या जागी एक फूल, कोरड्या उतारावर दुसरं. जिथं जे तगतं तिथं तेच, हजारोंनी. आणि पंधरा-वीस दिवसांत एक रंग ओसरून दुसरा पुढे येतो. 2012 साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्यात कासही आहे. तिथं जाऊन नुसते फोटो काढण्यापेक्षा ही मांडणी बघून यावी.

भांडी आणि भिंतीही या हिशेबात धरायला हव्यात. रंगीत प्लास्टिकच्या कुंड्या फुलांशी भांडतात. साधी मातीची कुंडी, सिमेंटची राखाडी भिंत, जांभ्याचा चिरा किंवा पांढरा चुना यांच्यापुढे भडक फूल सर्वांत चांगलं उठतं. सोसायटीची करडी भिंत रटाळ वाटत असेल, तर तिच्यापुढे शेंदरी बोगनवेल ठेवून बघा.

हाताळायचं कसं

बोगनवेलीची एकच तक्रार सगळीकडे ऐकू येते : ‘नुसती पानं येतात.’ याचं कारण बहुतेक वेळा लाड. तिला दिवसाचं पाच-सहा तास थेट ऊन हवं, कुंडी थोडी आवळ हवी आणि पाण्याची ओढ बसायला हवी. वरची इंचभर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नये. नत्राचं खत भरपूर दिलं की ती माजते, फुलत नाही. बहर नव्या फुटीवर येतो, म्हणून एक बहर सरला की शेंडे छाटावेत. जवळून पाहिलं तर जे रंगीत दिसतं ते फूल नसतंच. ती पानांचीच रंगीत रूपं. तीन-तीनच्या घोसात, प्रत्येक रंगीत पानाच्या आत चिकटलेली मलईच्या रंगाची बारीक नळी, ती खरी फुलं. म्हणूनच तिचा रंग आठवडेच्या आठवडे टिकतो, तर जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. पांढरा आणि राणी असे दोन्ही रंग एकाच वेलीवर मिरवणारी ‘मेरी पामर’ ही जात कोलकात्यात अशीच एका फांदीच्या अचानक बदललेल्या रंगातून मिळाली.

जास्वंदीला पिठ्या ढेकणाचा त्रास ठरलेला. कळ्यांच्या देठाशी पांढरा कापूस दिसला, की आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवावं, मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब मिसळून संध्याकाळी फवारावं. कर्दळीचा प्रत्येक दांडा एकदाच फुलतो. फुलून झाला की तो जमिनीलगत कापायचा, बाजूनं नवा येतो. सांडपाण्याच्या ओलीत ती आनंदानं वाढते.

झेंडूचं बी विकत घ्यायचीही गरज नाही. दसऱ्याच्या तोरणातलं वाळलेलं फूल हातात घेऊन उसकटलं, की देठाशी काळ्या सुयांसारख्या बारीक बिया मिळतात, प्रत्येकीच्या टोकाला फिकट तुरा. त्या कागदाच्या पुडीत ठेवून आषाढात पेराव्यात. संकरित जातीचं फूल असेल तर रोपं आईसारखीच निघतील असं नाही, पण देशी झेंडू इमानी असतो. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. मन घट्ट करून खुडायचा, कारण त्यामुळेच त्याला फांद्या फुटतात. झेंडूच्या मुळांतलं द्रव्य जमिनीतल्या सूत्रकृमींना मारक असतं, म्हणून टोमॅटो-वांग्याच्या शेजारी त्याची एक ओळ असावी.

ऋतूंची साखळी लावली तर रंग वर्षभर खंडत नाही. पावसाळ्यात तेरडा, गुलबाक्षी, कोंबडा; शरदात झेंडू; थंडीत शेवंती, डेलिया, साल्व्हिया; होळीनंतर ही मंडळी माना टाकतात तेव्हा बोगनवेल, एक्झोरा, चिनी गुलाब, सदाफुली. तेरड्याचा रंग तीन दिवस हे खरं, पण चौथ्या दिवशी दुसरं कुणी हजर असेल तर बिघडत नाही. कोणतं फूल आपल्या हवेत कसं दिसतं हे बघायचं असेल, तर पुण्यात एम्प्रेस गार्डनचं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन किंवा मुंबईतलं राणीच्या बागेतलं प्रदर्शन गाठावं. रोप घेण्याआधी पूर्ण बहरातलं झाड बघायला मिळतं.

रंग कुणासाठी

फुलांचा रंग आपल्यासाठी नाही, हे विसरायला होतं. मधमाशीला लाल दिसत नाही; तिला आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात. पक्ष्यांना लाल उत्तम दिसतो, म्हणून जास्वंदीवर शिंजीर येतो, वाकड्या चोचीनं मध ओढतो. केशरी-लाल फुलांवर फुलपाखरं झेपावतात. पण दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या गेंदेदार जातींत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. दिसायला भरगच्च, पण पाहुण्यांच्या ताटात फार काही नसतं. म्हणून चार कुंड्यांत एकेरी पाकळीचं एक तरी झाड ठेवावं.

आणि काही फुलांना फाटकाबाहेरच ठेवावं. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून भारतात आली. पिवळ्या-केशरी-गुलाबी गुच्छांना भुलून लोकांनी लावली आणि आज तिनं जंगलंच्या जंगलं व्यापली आहेत. पिवळा-केशरी कॉसमॉस पुण्याच्या टेकड्यांवर आणि रस्त्याकडेला तसाच पसरला आहे. तो घरात लावलाच असेल तर बी धरायच्या आत फुलं खुडावीत. कण्हेर, बिट्टी आणि कळलावी दिसायला देखण्या, पण विषारी. घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर यांना हात लावू नये.

भडक रंगाला घाबरण्यासारखं काही नाही. आपल्या आज्यांना तो वापरता येत होता, कारण त्यांच्या अंगणात हिरवं भरपूर होतं आणि प्रत्येक झाडाला आपली जागा होती. आपल्याकडे अंगण उरलं नाही, तरी ती समज उरू शकते. तेव्हा या हंगामात नर्सरीत जाल तेव्हा ‘सोबर दाखवा’ म्हणू नका. आपल्या बाल्कनीत ऊन कुठून आणि किती तास येतं ते आधी बघून जा, मनाला सर्वांत जास्त ओढणारा एकच रंग निवडा, आणि बारा रंगांची बारा रोपं आणण्याऐवजी त्या एका रंगाची बारा आणा.